मास्तरांनी निवडलेली कौलं

कुणाच्याही घरात शिरलो की माझी नजर आधी वर जाते. माणसं नंतर. या सवयीपायी आयुष्यात बोलणी पुष्कळ खाल्ली. पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही शहाद्याला गेलो होतो. सगळे मुलीकडे बघत होते, मुलगी जमिनीकडे बघत होती आणि मी आढ्याकडे. चहा आला तेव्हा मी मुलीच्या वडिलांना म्हणालो, "भाईसाब, तुमच्या मधल्या वाशाला वाळवी लागलीय. पावसाच्या आधी बदलून टाका." मोठ्या भावानं मांडीला असा चिमटा काढला की तो अजून आठवतो. लग्न मात्र जमलं, आणि वासाही त्यांनी बदलला. त्या घरची मंडळी आजही मला दारात बघितलं की आधी आपल्या छताकडे बघतात आणि मगच सलाम करतात.

धंदा माझा कौलांचा. आमच्या नंदुरबारकडे कौलाला कवेलू म्हणतात आणि मला कवेलूवाले हमीदचाचा. वखार वडिलांनी घातली. त्या काळी गुजरातकडून रेल्वेच्या वॅगनमधून कौलं यायची, भाताच्या पेंढ्यात बसवलेली. वॅगन उघडली की गल्लीतल्या बकऱ्यांना आधी खबर लागायची. पेंढा त्यांचा, कौलं आमची, असा वाटणीचा करार होता. आज वखारीत अर्ध्याहून जास्त जागा रंगीत पत्र्यांनी अडवली आहे. पत्रेही मीच विकतो. पोटाला कौल लावून चालत नाही. पण गिऱ्हाईक पत्रा घेऊन गेलं तर मी नुसता "बरं" म्हणतो, आणि कौलं घेऊन गेलं तर चहा पाजतो. हा भेदभाव सगळ्या गावाला माहीत आहे. काही चहाबाज लोक त्याचा फायदाही घेतात.

जुन्या घरावर कौलं घालायची तर निवड कशी करावी, हे मला आजही माणसं फोन करून विचारतात. सांगतो. पहिलं म्हणजे रंगावर जाऊ नका. रंग हल्ली डब्यातून येतो. कौल डाव्या हाताच्या बोटांवर मोकळं धरा आणि उजव्या हाताच्या बोटाचं हाड त्यावर वाजवा. बाजारात बायका माठ घेताना वाजवतात तसं. नीट भाजलेलं कौल टणटणीत बोलतं. कच्चं किंवा आतून तडकलेलं बद्द बोलतं. मग ते पालथं घाला, त्याच्या खळग्यात पाणी ओता आणि जेवायला जा. जेवून आल्यावर खालची बाजू ओली झालेली असेल तर ते कौल पाणी पितं, त्याला रामराम करा. दोन कौलं एकमेकांवर ठेवून बोटानं दाबा. डुगडुगली तर भट्टीत वाकलेली आहेत, घरावरही तशीच डुगडुगतील. मागच्या बाजूला नाकासारखा उंचवटा असतो, त्यानं कौल खालच्या लाकडी रिपेला अडकून राहतं. ते नाक धड आहे का बघा. आणि शेवटी एक कौल बिनदिक्कत फोडा. आत काळा गाभा दिसला तर सगळा ढीग परत पाठवा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. माझ्याकडे फोडलं तर मी करत नाही.

माकडांचा हिशेब वेगळा. आमच्या धंद्यात माकडाइतका कडक परीक्षक नाही. धडगावकडे डोंगरात ज्या गावात वानरांची टोळी आहे तिथं हलकं कौल एक हंगामही टिकत नाही. लोक वानरांना शिव्या देतात. मी मनातल्या मनात दुवा देतो, कारण माझा निम्मा खप त्यांच्या उड्यांनी झालेला आहे.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. तोरणमाळला पर्यटकांसाठी झोपड्या बांधणारे एक साहेब आले. त्यांना जुनाट दिसणारी, शेवाळ धरलेली कौलं हवी होती. म्हणाले, "शेवाळाची गॅरंटी द्याल का?" मी म्हणालो, "साहेब, गळणार नाही याची देतो. शेवाळ अल्लाच्या खात्यात आहे." तरी हटेनात, म्हणून सांगितलं की ताकात शेण कालवून कौलांना चोळा आणि पावसाची वाट बघा. मला वाटलं रागावतील. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी हिरव्यागार छपराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं.

दुसरा सायसिंग. नर्मदेच्या काठचा, मणिबेलीच्या बाजूचा. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा त्याच्या बापानं घर उतरवलं होतं. सागाचे खांब आणि हातानं थापलेली नळीची कौलं नावेत घालून पुनर्वसनाच्या वसाहतीत आणली आणि तेच घर पुन्हा उभं केलं. बाप गेला. कौलं राहिली. काही फुटली म्हणून सायसिंग माझ्याकडे तसलीच मागायला आला. आता तशी कौलं थापणारं कुणी उरलेलं नाही. मी त्याला उपाय सांगितला की वळचणीची, म्हणजे खालच्या कडेची जुनी कौलं काढून वर लाव आणि वळचणीला माझी नवी घाल, तिथं गळलं तरी अंगणात गळेल. छपराच्या दिवशी मला जेवायला बोलावलं. त्यांच्यात लाह नावाची रीत आहे. एकाचं घर असलं की सगळा पाडा कामाला येतो, मजुरी कुणी घेत नाही, घरवाल्यानं फक्त जेवू घालायचं. सकाळी उघडं असलेलं घर दुपारच्या जेवणाला झाकलेलं होतं. मी नुसता बसून खाल्लं आणि दुकानदार असल्याची थोडी लाज वाटली.

पण आज मला लिहायचं आहे ते धानोऱ्याच्या काशिनाथ मास्तरांबद्दल.

मास्तर शाळेतले नव्हेत, बँडचे. पंचक्रोशीतली लग्नं त्यांच्या क्लॅरनेटवर लागलेली आहेत, माझंही त्यातच. तीन खोल्यांचं कौलारू घर, त्यातली पुढची खोली बँडच्या तालमीची. मागल्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. त्याच पुढच्या खोलीत लोखंडी खाटेवर ते पडून असतात. त्यांची बायको इंदूवहिनी सगळं करते. मुलगा प्रवीण सुरतेला असतो. खानदेशातली अर्धी पोरं सुरतेला आहेत, तसाच हाही. तिथं त्याचा डीजे आहे, गाडीवर भोंगे लावलेला. बाप क्लॅरनेटवाला आणि पोरगा डीजेवाला. यावरून त्या दोघांचं बरीच वर्षं धड बोलणं नव्हतं, आणि बोलावंसं वाटलं तोवर बापाचं बोलणंच गेलं.

मागल्या पावसाळ्यात त्या खोलीत गळलं. खाटेवरच गळलं. मास्तरांना हाक मारता येत नाही. वहिनी मागच्या खोलीत होती, सकाळी आली तेव्हा मास्तर गादीसकट भिजलेले आणि थरथरत होते. न्यूमोनिया झाला. नंदुरबारला दवाखान्यात ठेवावं लागलं, कसेबसे वाचले. प्रवीणनं तेव्हाच आईला सांगून टाकलं की हे घर बंद करायचं आणि दोघांनी सुरतेला त्याच्या फ्लॅटवर यायचं. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा. मास्तरांना न्यायला गाडी आली त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. गाडी परत गेली.

यंदा उन्हाळ्यात वहिनीनं मला बोलावलं. प्रवीणही आलेला होता.

"चाचा, मी सरळ पत्रा टाकी देसू, कटकटच नको," तो म्हणाला.

मी म्हणालो, "प्रवीण, मे महिनामा पत्राना खाले तू स्वतः एक दुपार झोपी देख. मंग मले सांग."

त्यानं वर छपराकडे बघितलं. मग म्हणाला, "ठीक शे, कवेलू टाका. पन यंदा एक टिपका जरी पडना ना पप्पास्ना आंगवर, तं मी कोनंच ऐकाव नही. उचलीसन सुरत लई जासू."

"तठे सुरतले यास्नं कोन शे?" वहिनी म्हणाली. "आठे येता-जाता चार मानसं डोकाई जातस. तठे चौथा मजलावर कोन चढी?"

प्रवीण चिडला. "आनि आठे मरी गया तं? तू देखं ना माय, कसा व्हयेल व्हतात ते!"

दोघांचंही खरं होतं. मला त्या पोराचा राग आला नाही. भिजलेला बाप त्यानं दवाखान्यात बघितला होता.

मी वर चढलो. बायको मला आता शिडीवर चढू देत नाही, म्हणून तिला घरी "नुसता बघून येतो" असंच सांगून निघतो. माझ्याबरोबर भिवसन होता. छपराच्या कामात आमची जोडी जुनी आहे. वर गेल्याबरोबर रोग कळला. घरावरची जुनी कौलं घोडाछाप. पूर्वी प्रत्येक कारखाना कौलाच्या पाठीवर आपली छाप उठवायचा, कुणाचा मोर, कुणाची होडी, तसा यांचा घोडा. तो कारखाना बंद पडून जमाना झाला. मधली कौलं फुटली तेव्हा प्रवीण डीजे घेऊन एका लग्नाला गेला होता. परत येताना रस्त्यात चकचकीत तांबडी कौलं दिसली, ती त्यानं भोंग्यांच्या मधे भरून गावी आणली आणि गावच्या गवंड्यानं जुन्या कौलांत मिसळून लावली.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, कौलासारखं कौल, त्यात काय एवढं. पण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. कौलाच्या कडेला पन्हाळी असतात. एकाची पन्हाळ दुसऱ्याच्या पन्हाळीत बसते आणि त्यातून पाणी खाली वाहून जातं. दोन साच्यांची कौलं शेजारी ठेवली तर ती दिसतात जुळलेली, पण बसत नाहीत. मधे करंगळी जाईल एवढी फट राहते. गवंड्यानं ती फट सिमेंटनं भरली होती. नंदुरबारच्या उन्हात सिमेंट तडकतं, तडकलेल्या जागेत पाणी थांबतं आणि थांबलेलं पाणी खालच्या माणसाला शोधत येतं. डीजेच्या गाडीतून कौलं आणायची चूक आमच्याकडच्याच पोराला सुचू शकते. मी वर छपरावरच हसून घेतलं.

उपाय असा की एका पाख्यावर एकच छाप ठेवायची. पाखं म्हणजे छपराची एक उतरती बाजू. दोन पाखी फक्त वर आढ्याशी भेटतात आणि तिथं वेगळी टोपीची कौलं असतात, त्यामुळे या बाजूला घोडा आणि त्या बाजूला नवीन असं चालतं. आमच्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून. मास्तरांची खाट पश्चिमेच्या पाख्याखाली. त्या पाख्यावर मला जुनी घोडाछापच हवी होती. इतकी वर्षं ऊन-पाऊस खाऊन जे कौल अजून टणटणीत आहे त्याची परीक्षा झालेली असते. नवं कौल कितीही चांगलं असलं तरी त्याचा निकाल अजून लागायचा असतो.

पूर्वेच्या पाख्याला नवीन आणायची ठरली. सगळी जुनी खाली उतरवली. पश्चिमेच्या पाख्यापुरती चांगली निघाली तर निघाली, असा मामला होता. उतरवतानाही कसरत, कारण मास्तरांना त्या खोलीतून हलवायला गेलं की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. मग आम्ही खाटेवर बांबू लावून ताडपत्री ताणली आणि तिच्यावरचं छप्पर थोडं थोडं सोडवलं.

मी अंगणात बसून कौलं वाजवायला लागलो. टण, टण, बद्द, टण. चांगलं डावीकडे, वाईट उजवीकडे. तेवढ्यात आतून आवाज आला, खण्ण. मास्तर डाव्या हातातल्या स्टीलच्या पेल्यानं खाटेच्या नळीवर ठोकत होते. थोड्या वेळानं पुन्हा खण्ण.

वहिनी बाहेर आली. "भाऊ, ठोकनं थांबाडा जरासं. यास्ले तरास व्हई ऱ्हायना वाटस."

मी थांबलो. आतलं ठोकणंही थांबलं. पाणी प्यायलो आणि हळू हातानं पुन्हा सुरू केलं. टण, टण, टण. आत शांत. एक बद्द वाजलं, आतून खण्ण. पुढं एक टण वाजलं, मी ते चांगल्यात ठेवलं, आणि आतून पुन्हा खण्ण, जरा जोरात.

वहिनी दारातच होती. तिच्या तोंडावरचा भाव बदलला. "अरे माय," ती म्हणाली, "तालीममा कोनी बेसूर वाजाडं का ते असाच चौकटवर ठोकेत!"

मी ते चांगल्यात ठेवलेलं कौल उचललं. परत वाजवलं. मला चांगलंच वाटलं. पाणी शिंपडलं आणि उन्हात धरलं. कोपऱ्यापासून मधोमधपर्यंत केसासारखी काळी रेघ उमटली. आतून चीर होती. मी इतकी वर्षं या धंद्यात, आणि खाटेवरच्या माणसानं खिडकीतून ऐकून ती पकडली. मला इतका आनंद झाला की मी ते कौल घेऊन आत धावलो आणि त्यांना दाखवलं. मास्तरांनी डोळे मिटले आणि उघडले. मला ते "मंग!" असं वाटलं.

त्यानंतर काम मी केलं असं म्हणणं खोटं होईल. मास्तर खोलीतून बाहेर यायला तयार नव्हते, त्याच मास्तरांनी ओट्याकडे बोट केलं. आम्ही खाट उचलून ओट्यावर ठेवली. मी वाजवायचो, ते ऐकायचे. खण्ण म्हणजे नापास. गप्प म्हणजे पास. मला खोडी करायची हुक्की आली. नापास केलेलं एक कौल मी गुपचूप पुन्हा ढिगात घातलं आणि जरा वेळानं वाजवलं. खण्ण तर झालंच, शिवाय पेला माझ्या अंगावर आला. ओट्याखाली जमलेली माणसं पोट धरधरून हसली. त्यांत बँडचे दोन जुने वादक होते. एक म्हणाला, "हमीदभाई, आम्ही यास्ना हातना कितला पेला खायेल शेतस!"

प्रवीण लांब आपल्या गाडीला टेकून उभा होता. मोबाइल खिशात गेलेला मी बघितला. हळूहळू जवळ आला. माझं बोट सुजलं होतं, ते निमित्त करून मी उठलो आणि म्हणालो, "प्रवीण, जरा बस. मी चहा पिसन येस."

तो बसला. पहिलंच कौल त्यानं असं घट्ट पकडून वाजवलं की ते कसं बोलणार? खण्ण. दुसरं, खण्ण. तिसरं, खण्ण. प्रवीणचं तोंड पडलं. "पप्पाले मन्हं काहीच आवडत नही," तो माझ्याकडे बघून म्हणाला. तेवढ्यात मास्तरांनी पेला खाली ठेवला, हात लांब केला आणि प्रवीणची बोटं कौलाच्या कडेवरून एकेक करून सोडवली. मग त्याच्या बोटांवर कौल नुसतं टेकवलं. प्रवीणनं वाजवलं. टण्ण. असा स्वच्छ आवाज आला की मास्तरांनी मान हलवली.

मी चहा तीनदा प्यायलो. परत जायची मला घाई नव्हती. ऊन उतरलं तोवर बापलेक वाजवत होते. शब्द एकही नव्हता, पण इतक्या वर्षांत त्या दोघांचं एवढं बोलणं झालं नसेल. वहिनी चुलीपाशी बसून रडत होती आणि रडताना मला म्हणत होती, "धूर व्हई ऱ्हायना भाऊ." तिची चूल गॅसची होती.

पाखं पुरतं भरलं. थोडी कौलं कमी पडली, ती मी धानोऱ्याच्याच एका पाडलेल्या गोठ्यावरून घोडाछापच आणली. तीही आधी ओट्यावर परीक्षेला बसली. भिवसननं रिपा नव्या ठोकल्या, कौलं चढवली. सिमेंटचं बोटही लावू दिलं नाही. मग ट्रॅक्टरचा टँकर बोलावून वरून नळीनं पाणी सोडलं. ही आमची नेहमीची पद्धत. खाट परत आत जागेवर नेली होती, मास्तर तिच्यावरून हलले नाहीत. प्रवीण स्टुलावर बसून आपला पंजा बापाच्या तोंडाच्या वर धरून राहिला. टँकर संपला. पंजा कोरडा होता.

मी खूश झालो. प्रवीण मात्र म्हणाला, "चाचा, नळीना पाऊस खरा नही. मी वादयामा देखसू."

खोटं काय बोलला? नळीच्या पाण्याला वादळाचा वारा नसतो. मी घरी आलो खरा, पण यंदाच्या पावसाळ्याइतका आभाळाला मी कधीच घाबरलो नाही. ढग पश्चिमेकडून यायला लागले की मी वखारीबाहेर येऊन बघत राहायचो. बायको म्हणायची, "अपने घर की फिक्र करो, वो धानोरा संभाल लेगा." मी रोज नमाजला बसलो की मागणं मागायचो, ते एका खाटेपुरतं. माझ्या हातून शेकडो घरं झाकली गेली, पण कुणाच्या घराचं भवितव्य माझ्या एका पाख्यावर असं टांगलेलं कधी नव्हतं. गळलं असतं तर मास्तर सुरतेला गेले असते, आणि ते तिथं किती टिकले असते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

भादव्यात ते वादळ आलं. वारा असा की रस्त्यावरचे निंब आडवे झाले, आमच्या बाजारातल्या दोन दुकानांचे पत्रे उडून मशिदीच्या आवारात पडले. तेही मीच विकलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला फोन लावायचं मी टाळत राहिलो. शेवटी तिचाच आला.

"भाऊ, परवीन उनाय. काल सांजले पाऊस सुरू व्हयना तवय पोहचना, भिजेल-गिजेल. रातभर स्टुलवर बशी ऱ्हायना, हात धरीसन."

"आनि?" मी विचारलं.

"काही नही पडनं. आते दोन्ही घोरी ऱ्हायनात."

मी फोन ठेवला आणि वखारीतल्या कौलांच्या ढिगावरच बसलो. देवाचे आभार मानले. कारखाना कधीच मोडला, पण त्या घोडाछापवाल्यांचे मानले, भट्टीत त्या दिवशी लाकूड चोरलं नाही म्हणून. वडिलांचे मानले. मास्तरांच्या कानांचे मानले. या धंद्यानं मला बंगला दिला नाही, कंबरदुखी मात्र उदार हातानं दिली. पण त्या सकाळी मला कुणी विचारलं असतं की पुन्हा जन्म मिळाला तर काय करशील, तर मी कवेलूच विकीन म्हणालो असतो.

हा लेख इथंच संपवणार होतो. पण गेल्या आठवड्यात, नवरात्राच्या दिवसांत, प्रवीण वखारीत आला. सुरतेचं बोलायला आला असेल असं वाटून मी आधी चहा मागवला. तो ढिगाऱ्यातून उगाच फिरला, एक-दोन कौलं उचलून वाजवली. धरायची पद्धत आता अगदी बरोबर होती. मग म्हणाला, "चाचा, काचनं कवेलू शे का तुमनाकडे?"

काचेचं कौल उजेडासाठी घालतात. पण त्याचाही साचा जुळावा लागतो. लोणखेड्याला एक जुनं घर उतरवलं होतं त्यातलं एकच घोड्याच्या साच्याचं काचेचं कौल माझ्याकडे होतं. एकटं म्हणून कुणी नेत नव्हतं.

"कोनसाठे?" मी विचारलं.

"पप्पास्नी खोलीमा अंधार पडस," तो म्हणाला. "दिवसभर वरच देखतस ते. जरासं आभाय दिसू दे."

मी त्याला सुरतेचं काही विचारलं नाही. जो माणूस घर सोडून जाणार आहे त्याच्या खाटेवर काचेचं कौल कुणी घालत नाही, हे मी या धंद्यात शिकलो आहे.

दुसऱ्याच दिवशी मी धानोऱ्याला वर चढलो. बायकोला खोटं सांगायचं राहूनच गेलं. काचेच्या कौलाची जागा नीट धरावी लागते. पश्चिमेचं पाखं, संध्याकाळचं ऊन तोंडावर आलं तर उन्हाळ्यात माणूस वैतागेल. कुठून किती दिसतं हे खाटेवर पडल्याशिवाय कळत नाही, आणि मास्तरांना सांगता येत नाही. मी वरून एक कौल सरकवलं आणि त्या भोकातून खाली बघितलं.

प्रवीण चप्पल काढून बापाच्या शेजारी खाटेवर आडवा झाला होता. धिप्पाड गडी, त्या अरुंद खाटेवर मावत नव्हता. मास्तरांनी भिंतीकडे सरकून त्याला जागा करून दिली होती. दोघांची डोकी एका उशीवर, दोघंही वर माझ्याकडे, माझ्या मागच्या आभाळाकडे बघत होते.

"चाचा, जराखं खाले," प्रवीण ओरडला. "नही, इतलं नही. पप्पा, आते दिसस का?"

मी कौल रिपेवर टेकवून हात काढून घेतला. खालून पेला वाजला नाही.